सुटलेली सावली

१

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. अंदाजाने सांगत नाही, वहीत लिहिलेलं आहे. फोटो काढला की आधी वेळ लिहायची, मग उजेड कुठून आला ते, मग तो चेहऱ्यापासून किती हातांवर होता ते, असा मास्तरांचा दंडक होता. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "दोन दहा. उजेड एक, खिडकीचा, तीन हात. ठकी."

ठकी माझी मुलगी. तेव्हा साडेसात महिन्यांची होती, नुकतीच बसायला लागलेली. कागदोपत्री नाव चांगलं मोठं आहे, पण लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून टक लावून बघत राहायची म्हणून तिच्या बाबांनी ठकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

मास्तर म्हणजे चौकातल्या फोटो स्टुडिओचे मालक. शाळेत कधी शिकवलं नाही, पण समोर येईल त्याला शिकवल्याशिवाय सोडत नाहीत म्हणून मास्तर. मी त्यांच्याकडे दहा ते एक झाडलोट करायला आणि ओळखपत्राचे फोटो कापायला जायचे. तेवढा वेळ ठकी आमच्या इमारतीतल्या शिवणवाल्या काकूंकडे. काकू मायाळू, पण घरभर सुया, टाचण्या, बटणं. तीन तास माझा जीव टांगणीला. हातात कात्री आणि डोळ्यांपुढे काय, तर ठकीच्या तोंडात बटण.

एके दिवशी मास्तर म्हणाले, "माझा मोतीबिंदू पिकलाय. महिनाअखेर ऑपरेशन. तोवर कॅमेऱ्यामागे उभं राहायला कोणीतरी तयार पाहिजे. तू शिकतेस, की दारावर पाटी लावू?"

"मला जमेल का? सातवी झालेय मी."

"सावली सातवी-आठवी विचारत नाही. आणि शिकलीस की पोरीला इकडेच आण. मागच्या खोलीत पाळणा टाक."

पाळणा म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही. हो म्हणून बसले.

२

पहिला धडा एका कपाचा. मास्तरांनी टेबलावर चहाचा रिकामा कप ठेवला, एकच दिवा लावला आणि मला विचारलं, "काय बघतेस?"

"दिवा."

"दिव्याकडे काय बघायचंय? तो काय पळून जातोय? सावली बघ. उजेड कुठून आला, किती लांबून आला, मोठा होता की छोटा, सगळं सावली सांगते. दिवा लपवता येतो. सावली लपत नाही."

मग त्यांनी कप बोटभर वर उचलला. "आता?"

"सावली सुटली."

"बरोबर. वस्तू टेकलेली असली की सावली तिच्या बुडाला चिकटून असते. उचलली की सुटते. फोटोत तुला एवढं दिसायला लागलं की अर्धं काम झालं."

त्या दिवशी मला वाटलं, हे तर सोपं आहे.

घरी करायचा अभ्यास त्यांनी असा दिला: एक खिडकी, एक चेहरा. खिडकीकडचा गाल उजळ, पलीकडचा गाल काळोखात. "पूर्ण काळोखात गेला पाहिजे. कोळसा. आधी एक उजेड ताब्यात येऊ दे, मग दुसऱ्याचं बघू. आणि दिवसाला एकच फोटो. दहा काढून एक निवडणं हे शिकणं नव्हे, मटका आहे."

त्यांनी त्यांचा जुना कॅमेरा दिला. त्याची मागची काच तडकून काळी पडलेली. काढलेला फोटो त्यात दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरला जोडला की मगच कळायचं काय दिवे लावलेत ते.

आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीला एक खिडकी आणि तिच्या समोर गडद निळी भिंत. घरमालकाकडे कुठल्याशा दुकानाचा रंग उरला होता, तो त्याने आमच्या भिंतीला फासला. खोली भर दुपारीही विहिरीसारखी दिसायची म्हणून मी त्या भिंतीवर नेहमी चिडायचे. आता म्हटलं, बरं झालं, अंधार आयताच मिळाला. खिडकीपासून तीन हातांवर चटई टाकली. तिथून भिंत सहा हात. चटईवर ठकी, आणि तिच्या समोर स्टुलावर कॅमेरा घेऊन मी.

दोनला गच्चीवरचा पाण्याचा पंप बंद व्हायचा आणि घर एकदम शांत व्हायचं. खालून फक्त काकूंच्या शिलाई मशीनची खडखड. ती निळ्या भिंतीच्या कोपऱ्यातून वर यायची. दोन दहाला मी फोटो काढला, वहीत लिहिलं आणि ठकीची पापी घेतली.

३

"अंधार कुठाय?" मास्तर म्हणाले.

कॉम्प्युटरवर ठकी केवढीतरी मोठी दिसत होती. मला तर फोटो छानच वाटला.

"पलीकडचा गाल बघ. कोळसा म्हटलं होतं. हा पहाट झाल्यासारखा दिसतोय. भिंतीच्या बाजूला पांढरं काहीतरी होतं, त्याने खिडकीचा उजेड परत फेकला."

"पांढरं काही नव्हतं. भिंत निळी आहे, गडद."

"डोळा बघ." त्यांनी ठकीचा डोळा मोठा केला. काळ्या बुबुळावर एक चौकोनी ठिपका होता. "ही तुझी खिडकी. आणि हा?" डोळ्याच्या दुसऱ्या कडेला, खालच्या अंगाला, अजून एक ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा, लांबट. "जितके उजेड तितके ठिपके. हे पाच-सहा हातांवर होतं. खाली, जमिनीलगत. चादर वाळत टाकली असशील."

"नाही हो, मास्तर."

"नाचता येईना अंगण वाकडं. काढून टाक जे असेल ते, आणि उद्या परत."

घरी आल्यावर मी भिंतीकडे बघितलं. भिंतीला लागून स्टीलचे दोन डबे होते. स्वतःच्या डोक्यात टपली मारली आणि डबे आत नेऊन ठेवले.

४

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "पाच हात."

मी आरसा काढला. दिनदर्शिका काढली. माझी ओढणी पिवळी होती, ती काढून यांचा जुना चॉकलेटी शर्ट घातला. स्वयंपाकघराचं दार लावून फटीत पोतं कोंबलं.

"चार हात," मास्तर म्हणाले. "सांगतो काय, करतेस काय? मी काढून टाक म्हणतोय, तू जवळ आणतेस!"

"मी काहीच आणत नाही!"

"मग उडत येतं का ते?"

मी अक्षरशः रडकुंडीला आले. वीस दिवस हातात, त्यातले आठ गेलेले, आणि साधा अंधार करता येईना. लोक उजेडासाठी धडपडतात, मी काळोखासाठी जिवाचं रान करत होते. रात्री यांना सांगितलं. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. कशाचंही कारण त्यांना तार, बटण किंवा तेल यातच सापडतं.

"पोरीची कातडी तुकतुकीत आहे, चमकत असेल," हे म्हणाले. "उद्या माझी सुट्टी. माझा काढ. माझ्या तोंडावर उजेड पडला तरी कोणाला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दोन दहाला, त्याच चटईवर, मी यांचा फोटो काढला. एकच फोटो हा नियम मोडून तिथेच एक मोठा भोपळा ठेवला आणि त्याचाही काढला.

मास्तर दोन्ही बघून खूश. "हा कोळसा! असा अंधार पाहिजे. भोपळा उत्तम, आणि नवराही भोपळ्याच्या तोडीस तोड."

"म्हणजे माझं बरोबर आलं?"

"आलं की. मग पोरीच्या फोटोत काय घोळ घालतेस?"

मला हसायला आलं नाही. भिंत तीच, खिडकी तीच, वेळ तीच. यांच्या डोळ्यात एकच ठिपका होता. म्हणजे ते जे काही पांढरं होतं, ते यांच्यासाठी आलं नव्हतं. भोपळ्यासाठीही नाही.

मी स्वतःला दटावलं. आईचं मन, चिंती ते वैरी न चिंती. माझंच काहीतरी चुकत असणार. चुकलेलं शोधायचं सोडून भलतंच शोधत बसायला मला वेळ नव्हता.

५

त्याच सुमारास ठकी एक नवीन गोष्ट शिकली. काकूंनीच शिकवली. दुपारी मी तिला घ्यायला गेले की काकू म्हणायच्या, "कोण आलं? उचल म्हण, उचल म्हण," आणि ठकी दोन्ही हात वर करायची. बोटं पसरून, मान उंच करून. इतक्या हौसेने, की दिवसभराचा शीण उतरायचा.

"बघ, आता हिला कोणीही उचलून नेईल," काकू हसत म्हणाल्या. "हात वर करते बया, ओळख ना पाळख."

"काहीतरी बोलू नका हो काकू."

"अगं, गंमत."

त्या दिवशी दोन दहाला ठकी चटईवर बसली होती. पंप बंद झालेला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि ठकीने मान वळवली. भिंतीकडे. मग हसली, आणि दोन्ही हात वर केले.

"मी इकडे आहे गं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हात वरच. मी कॅमेऱ्यावरून डोळा काढून भिंतीकडे बघितलं. निळी भिंत, रिकामी फरशी, कोपरा. काही नाही, अगदी काही नाही. फक्त शिलाई मशीनची खडखड त्या कोपऱ्यातून रोजसारखी येत नव्हती. येत होती, पण दबून; कोणी मध्ये गादी टेकवून ठेवल्यासारखी. काकू खोली बदलून बसल्या असतील, असं मी म्हटलं. काकूंना खोली एकच आहे, हे मला माहीत होतं तरी म्हटलं.

बोट खटक्यावर होतं, ते दाबलं गेलं.

"दोन हात," दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, आणि कपाळाला हात लावून बसले. "जाऊ दे. काळोख तुझ्या नशिबात नाही. आपण दुसरा धडा घेऊ. नाहीतरी दिवस संपत आले."

६

दुसरा धडा थर्माकोलचा. चेहऱ्याची एक बाजू काळोखात गेली की फोटो रागीट दिसतो. लहान मुलांचा फोटो असा कोणाला नको असतो. म्हणून काळोखाच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा पत्रा धरायचा. खिडकीचा उजेड त्यावर पडतो, परत फिरतो आणि गालावर मऊ येतो. मास्तर त्याला भरीचा उजेड म्हणायचे.

"लांब धरला तर पातळ, जवळ आणावा तसा दाट. अगदी जवळ आणला की सावलीची कडच विरघळते. धरणाऱ्याचा हात हलता कामा नये. आणि डोळ्यातला ठिपका मोठा करून बघितला तर कडेला धरणाऱ्याची चार बोटंसुद्धा दिसतात, हे बघ." त्यांनी एक जुना फोटो दाखवला. खरंच दिसत होती, मुंगीच्या पायांसारखी.

मी पत्रा घरी आणला. अर्ध्या तासात ठकीने त्याचा कोपरा कुरतडला. घशात अडकला असता तर? मी तिच्या तोंडातून कण कण काढला, पत्रा जिन्यात नेऊन ठेवला आणि रडले. मग तसाच फोटो काढला, पत्र्याशिवाय. उद्या मास्तरांची बोलणी खायची तर खायची.

मास्तरांनी फोटो उघडला आणि खुर्चीतून पुढे झुकले.

"शाब्बास," ते म्हणाले.

मी जागच्या जागी थिजले.

"याला म्हणतात उजेड! गाल बघ, लोण्यासारखा. दीड वीत? वीतभरच. आणि हात किती स्थिर! कोणी धरला होता?"

चौदा दिवस मी त्या एका शब्दासाठी तिथे बोलणी खात होते. चौदा दिवस. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मागच्या खोलीचं दार दिसलं, जिथे पाळणा टाकायचा होता.

"काकूंनी," मी म्हटलं.

हीच माझी चूक. बाकी सगळं मी केलं नाही, पण हे मी केलं. कोणीतरी तिथे बसलं होतं, आणि त्याला मी नाव दिलं.

"काकूंना सांग, एकदाच अजून धरा. एक फोटो चुकूनही चांगला येतो. दुसरा असाच आण, की परवापासून पाळणा आण."

७

काकूंचे गुडघे धरलेले. जिना चढणं त्यांच्याने होणार नव्हतं. मीच धरायचं ठरवलं. कॅमेऱ्याला दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढायची सोय होती. आणि भिंतीचं काय करायचं तेही ठरवलं. काळं कापड उजेड पिऊन टाकतं, हे मास्तरांनीच शिकवलेलं.

"एवढं काळं कापड कशाला गं?" काकूंनी विचारलं.

"भिंत झाकायला."

"भिंतीने काय घोडं मारलंय तुझं?"

खिळे ठोकून दोरी बांधली आणि ठकीपासून दोन हात अंतरावर ते कापड छतापासून फरशीपर्यंत सोडलं. पलीकडे भिंत, कोपरा, सगळं बंद. अलीकडे फक्त चटई, ठकी आणि मी. आता जो काही उजेड येईल तो माझ्या हातातल्या पत्र्याचा. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

दोन दहा. पंप बंद झाला. मी बटण दाबलं, ठकीच्या बाजूला येऊन कापडाला पाठ लावून बसले आणि पत्रा धरला, तिच्या गालापासून दीड वीत. कॅमेरा सेकंद मोजायला लागला. टिक. टिक. टिक.

ठकी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. पत्रा आणि ती, यांच्यामध्ये जी दीड वीत जागा होती, तिथे बघत होती. इतक्या जवळचं बघताना तिचे डोळे थोडे तिरळे झाले होते.

टिक. टिक.

शिलाई मशीन अजिबात ऐकू येईना. मशीन चालू होतं. फरशी थरथरत होती. आवाज तेवढा नव्हता.

ठकीने हात वर केले.

माझ्या हातातला पत्रा दबला. माझ्याकडे दबला. पाठमोरं बसलेलं माणूस सरकून नीट टेकावं, तसा. खिडकीतून वारा येत नव्हता. आला असता तरी त्या बाजूने आला नसता.

खटका वाजला. मी पत्रा फेकला आणि ठकीला दोन्ही हातांनी उचललं. तेव्हा काय झालं ते फक्त आयांना कळेल. दुसऱ्या बाईच्या मांडीवर झोपलेलं आपलं मूल घ्यायला गेलं, की एखादा क्षण ते आपल्याकडे येत नाही. ती बाई हात सैल करते, मग येतं. तसा एक क्षण ठकी आली नाही.

मग आली.

८

फोटो दाखवायला न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी नेला. ठकीला काकूंकडे ठेवलं नाही, कडेवरच घेऊन गेले. मनात म्हटलं, मास्तर दोन शिव्या देतील, पत्रा हलला म्हणतील, की मी मोकळी. शिव्या खायला मी कधी इतकी आतुर नव्हते.

मास्तरांनी फोटो उघडला. फोटो सुंदर होता, हे मी नाकारत नाही. इतक्या सुंदर उजेडात मी ठकीला कधी पाहिलं नव्हतं. गालावर सावलीची कडच नव्हती.

"चिकटूनच होता पत्रा," मास्तर म्हणाले. "अंतरच नाही."

"दीड वीत होता. मी धरला होता."

त्यांनी डोळा मोठा केला. खिडकीचा चौकोनी ठिपका शोधावा लागला, इतका तो कडेला गेलेला. माझी चार बोटं कुठेच नव्हती. थर्माकोल चौकोनी असतो. ठकीच्या डोळ्यात जे भरलं होतं ते चौकोनी नव्हतं. लांबट होतं, वर रुंद, खाली निमुळतं, आणि बुबुळभर.

मास्तर अजून मोठं करायला गेले आणि थांबले. मग फोटो हळूच खाली सरकवला, चटईवर. तिथे त्यांचं बोट अडलं.

"ही उडी मारते का?"

"आठ महिन्यांची पोर कशी उडी मारेल?"

"मग हिला कोणी उचललंय?"

"कोणी नाही. बसली होती."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ठकीच्या बुडाखाली चटई दिसत होती. चटईचे पट्टे मोजता येत होते, एक हिरवा, एक लाल. त्यांच्या पलीकडे तिची सावली सुरू होत होती. तिला चिकटलेली नव्हती. दोन बोटं सुटली होती.

मास्तरांनी समोरचा कप उचलला, टेबलावर टेकवला. परत उचलला.

"चुकलंय का काही?" मी विचारलं. खरंच विचारलं. अजूनही मला वाटत होतं, ते हो म्हणतील.

"तुझं काही चुकलेलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरचं बटण शोधलंच नाही, भिंतीतला मेन खटकाच पाडला. स्टुडिओत अंधार झाला. "घरी जाऊ नकोस. नवऱ्याला इथे बोलावून घे."

९

आम्ही आठ दिवसांत ती जागा सोडली. यांनी कुरकुर केली, पण मास्तरांनी यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि यांनी सामान बांधायला घेतलं. काय सांगितलं ते मला दोघंही सांगत नाहीत. कॅमेऱ्यातला फोटो मास्तरांनी पुसला. आता मी कॅमेऱ्यामागे उभी राहते, मागच्या खोलीत पाळणा आहे, ठकी त्यात बसून टक लावून बघते. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

नव्या घरात तिचे फोटो काढले. एक खिडकी, एक ठिपका. दर वेळी मोजते. फक्त एक आहे. ठकी माझ्याकडे हात वर करत नाही. काकूही आता तिथे राहत नाहीत; त्या स्टुडिओत भेटायला आल्या की "उचल म्हण" म्हणतात, ती नुसती बघते. सहा महिने झाले. तिला घ्यायला वाकते तेव्हा ती माझ्या खांद्यावरून मागे बघते, कोणी यायचं राहिलंय का तसं.

हेही मी गिळलं असतं. पण परवा स्टुडिओत एक पोरसवदा आई आली. मोबाइलमधला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. चार महिन्यांचं बाळ, चटईवर उताणं, मागे गडद निळी भिंत.

"आमच्या खोलीत एकच खिडकी आहे," ती कौतुकाने म्हणाली, "पण उजेड काय छान पडतो बघा ना! सगळे विचारतात, कोणाकडून काढून घेतलास म्हणून."

मी भिंतीकडचा गाल बघितला. सावलीची कड बघितली. माझ्या तोंडून निघून गेलं, "चार हात."

"काय?"

मी तिला सगळं सांगितलं. नीट सांगायला हवं होतं. घाईघाईत, एकात एक सांगितलं. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"माझ्या बाळाला नजर लावता का? आधी राहत होतात म्हणून जळता काय?" तिने मोबाइल ओढून घेतला आणि गेली. मी तिच्या दारापर्यंत जाऊन आले. तिने दार उघडलं नाही. घरमालक म्हणाला, परत आलीस तर बरं होणार नाही.

म्हणून हे लिहिलं. तिचं नाव मला माहीत नाही. तिसरा मजला, एक खिडकी, समोर गडद निळी भिंत, एवढंच सांगू शकते. हे वाचणाऱ्या कोणाच्या ओळखीत अशी आई असेल, नात्यातली, कामावरची, जिन्यात भेटणारी, तर तिला सांगा. माझं नाव सांगू नका, ती ऐकणार नाही. तिला म्हणा, बाळाचा डोळा मोठा करून बघ आणि ठिपके मोज. एवढंच म्हणा, पुढचं तिला कळेल.

तिचं बाळ अजून बसत नाही. महिन्या-दोन महिन्यांत बसायला लागेल. मग कोणीतरी हौसेने त्याला हात वर करायला शिकवेल. त्याच्या आत सांगा.